चित्रपटाची नांदी आणि ‘शेरनी’तील वाघ

नाटकाला नांदी, कीर्तनाला पूर्वरंग, तमाशाला गण. आपल्या कलांनी आरंभाला नेहमीच मान दिला आहे. आमच्या हट्ट्याच्या जुन्या बावडीतही पाण्यापाशी पायऱ्यांनीच उतरावे लागते. चित्रपटाच्या आरंभाविषयी मात्र आपण बेफिकीर असतो. नामावली सरकत असताना प्रेक्षक जागा शोधतात. आणि घरच्या पडद्यावर तर ती ओलांडून जाण्याची कळच आता हाताशी आली आहे. खरी कथा पुढेच आहे, हा समज त्यामागे असतो. तो आम्हांस मान्य नाही.

पात्रांची ओळख करून देणे हे आरंभाचे लहान काम होय. पुढे दिसणारे जग कोणत्या दृष्टीने पाहावयाचे, हे सुचविणे हे त्याचे मोठे काम. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) दामले-फत्तेलाल यांनी प्रथम भजनात तल्लीन झालेले तुकोबा दाखविले आणि पाठोपाठ तेच पद स्वतःचे म्हणून गाणारा सालोमालो दाखविला. उपदेशाचा एक शब्द न उच्चारता खरी भक्ती आणि तिची नक्कल यांतील अंतर प्रेक्षकाच्या मनावर ठसले. सारा चित्रपट त्या अंतरावर उभा आहे.

आम्हांला जवळचे उदाहरण ‘शेरनी’चे. अमित मसुरकर यांच्या या हिंदी चित्रपटाचे चित्रण आमच्याच बालाघाट जिल्ह्यातील जंगलांत झाले. जून २०२१ मध्ये तो थेट घरोघरच्या पडद्यांवर आला. आरंभी एक माणूस हातापायांवर वाघासारखा चालतो. क्षणभर हसू येते. मग उलगडा होतो की, वाघांची छायाचित्रे आपोआप टिपणारा कॅमेरा नीट चालतो की नाही, याची वनखात्याची माणसे परीक्षा घेत आहेत.

ही गंमत पोकळ नाही. पुढे पुढारी, शिकारी, अधिकारी असे सारेच आपापल्या सोयीचा वाघ उभा करतात. खरी वाघीण फार थोडी दिसते. अखेर ती मारली जाते आणि विद्या व्हिन्सेंट या अधिकारीबाईंची बदली पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात होते. माणसाने वठविलेल्या वाघापासून निघालेली कथा निर्जीव प्राण्यांपाशी थांबते. शेवटाचे दुःख आरंभीच्या हसण्यात दडलेले होते.

तरीही एक उणीव सांगितली पाहिजे. हा आरंभ जंगल वनखात्याच्या डोळ्याने दाखवितो. मोहफुले व तेंदूपाने वेचावयास जाणाऱ्या आमच्याकडील बायांना वाघ कॅमेऱ्यात भेटत नाही. तो वाटेवर भेटण्याचे भय असते. त्यांची नजर चित्रपटात येते, पण मागाहून. पहिले दृश्य कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हा निव्वळ तंत्राचा प्रश्न नसून न्यायाचाही आहे.

म्हणून वाचकांस आमचे सांगणे इतकेच की, त्या कळेचा मोह आवरावा. आरंभ ओलांडून जाणाऱ्यास वाघीण मेल्याचे कळेल. ती कोणाकोणाच्या नजरेतून आधीच हरवली होती, हे कळणार नाही.