खवट कोलेस्टेरॉल : सिद्धान्त आणि त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष

आज आपण एका सिद्धान्ताची उलटतपासणी करणार आहोत.

"कोलेस्टेरॉल वाईट नसतंच, वाईट असतं ते ऑक्सिडाइज्ड कोलेस्टेरॉल." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर कधी ना कधी येऊन गेलंय. त्याच्या मागोमाग दोन सल्ले येतात: स्टॅटिनची गोळी सोडा, आणि अँटिऑक्सिडंट सुरू करा. वाक्यात थोडं विज्ञान आहे, म्हणून ते हसून सोडून देता येत नाही. पण सल्ला ऐकून कुणी खरोखरच गोळी बंद केली, तर त्याची किंमत फार मोठी असू शकते. तेव्हा पुरावा काय म्हणतो ते बघू या.

आधी शब्द समजून घेऊ. तेल बरेच दिवस उघडं राहिलं की खवट होतं. त्यातल्या स्निग्धाम्लांची ऑक्सिजनशी क्रिया होते. एलडीएल हा रक्तातून चरबी वाहून नेणारा कण. आत कोलेस्टेरॉल, वर पातळ आवरण, आणि त्याला वेढून बसलेलं एक मोठं प्रथिन. या कणातली स्निग्धाम्लं खवट झाली की प्रथिनही बिघडतं. झालं ऑक्सिडाइज्ड एलडीएल.

आता हा सिद्धान्त का जन्माला आला? कारण एक खरंखुरं कोडं होतं. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलने ठासून भरलेल्या पेशी सापडतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. यातल्या बऱ्याच पेशी मुळात मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातले सफाई कामगार. पण प्रयोगशाळेत मॅक्रोफेजसमोर साधं एलडीएल ठेवलं तर ते फारसं गिळत नाहीत. मग पोट एवढं भरलं कशाने? १९७९ मध्ये ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या गटाने दाखवलं की रासायनिक बदल केलेलं एलडीएल हेच मॅक्रोफेज अधाशासारखं गिळतात. मात्र तो बदल प्रयोगशाळेतला होता. शरीरात तसं काय घडतं? कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने पुढच्या काही वर्षांत उत्तर सुचवलं: ऑक्सिडेशन. १९८७ मध्ये त्यांनी आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल वाढलेल्या सशांना प्रोब्युकॉल हे अँटिऑक्सिडंट गुण असलेलं औषध दिलं. दुसऱ्या गटाला स्टॅटिन देऊन कोलेस्टेरॉल तेवढंच ठेवलं. प्रोब्युकॉलच्या गटात धमन्यांतले थर हळू वाढले. १९८९ मध्ये हा सिद्धान्त सविस्तर मांडला गेला. इथवर सगळं सुरेख आहे, हे आपण मान्य करू.

पण सशात दिसलं म्हणजे माणसात सिद्ध झालं असं नाही. १९९६ मध्ये केंब्रिजच्या एका चाचणीत, २,००२ हृदयरुग्णांमध्ये, ई जीवनसत्त्वाने जीवघेणे न ठरणारे झटके कमी झाल्याचं दिसलं. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. आशा वाढल्या. मग मोठ्या चाचण्या आल्या. २००० मध्ये 'होप' चाचणीचे निष्कर्ष आले: ९,५४१ लोक, सरासरी साडेचार वर्षं, ई जीवनसत्त्व. फायदा शून्य.

आमच्या मते सगळ्यात बोलकी चाचणी २००२ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली. २०,५३६ लोक, पाच वर्षं. तिची रचना बघण्यासारखी आहे. त्याच लोकांमध्ये एकाच वेळी दोन प्रश्न विचारले. अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन, अर्ध्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. आणि त्याचबरोबर, वेगळी चिठ्ठी टाकून, अर्ध्यांना ई, सी आणि बीटा-कॅरोटीन, अर्ध्यांना नाही. जीवनसत्त्वं घेणाऱ्यांच्या रक्तातलं ई जवळपास दुप्पट झालं, म्हणजे गोळ्या पोटात गेल्या होत्या. तरी झटके कमी झाले नाहीत. स्टॅटिनच्या बाजूला मात्र झटके, पक्षाघात आणि रक्तवाहिन्या मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया मिळून साधारण एक चतुर्थांशाने घटल्या.

सिद्धान्ताचे समर्थक म्हणतात, ई हे चुकीचं अँटिऑक्सिडंट होतं. किंवा ते फार उशिरा दिलं. किंवा धमनीच्या भिंतीत हवं तिथे पोचलंच नाही. या आक्षेपांत तथ्य आहे. ऑक्सिडेशन मुख्यतः भिंतीच्या आत घडतं असं मानतात. वाहत्या रक्तात त्याला रोखणारे पदार्थ भरपूर असतात. म्हणून या चाचण्यांनी सिद्धान्त खोटा ठरला असं आम्ही म्हणणार नाही. पण प्रोब्युकॉलचाच भाऊ म्हणावा अशा सक्सिनोब्युकॉलची चाचणीही २००८ मध्ये मुख्य कसोटीवर नापास झाली. प्रत्येक अपयशानंतर "औषध चुकलं, सिद्धान्त नाही" असंच म्हणत राहिलं, तर सिद्धान्त हरणार तरी कधी? आणि ऑक्सिडेशन हे रोगाचं कारण आहे की रोगाबरोबर येणारी खूण, हा प्रश्न तर उरतोच.

आता मूळ मुद्दा. समजा, सिद्धान्त शंभर टक्के खरा आहे. तरी "साध्या एलडीएलची काळजी नको" हे त्यातून निघतच नाही. खवट व्हायला आधी तेल लागतं. भिंतीत शिरून अडकून बसणारे कण जितके जास्त, तितका खवट व्हायला माल जास्त. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एलडीएल कमी असलेल्या कृष्णवर्णीय लोकांची तपासणी झाली. एलडीएल २८ टक्क्यांनी कमी, आणि हृदयधमनीचा आजार ८८ टक्क्यांनी कमी. त्यांनी कुठलंही अँटिऑक्सिडंट घेतलं म्हणून हे झालं नाही. कण आयुष्यभर कमी होते, एवढंच. स्टाइनबर्ग स्वतःही एलडीएल कमी करण्याचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांच्याच सिद्धान्ताचा आधार घेऊन गोळी सोडायला सांगणं, ही त्यांच्यावरही अन्यायाचीच गोष्ट.

मग घरी काय करायचं? तेच तेच तळणीचं तेल वापरू नये, हे चांगलंच. फळं, भाज्या खाव्यात, हेही चांगलंच. पण ते गोळीच्या जागी नाही. रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा, रक्तदाब, साखर आणि तंबाखू, या चार गोष्टींकडे आधी बघायचं. गोळीचा त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोलून मात्रा किंवा औषध बदलून घेता येतं. स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि कुणी "खरा व्हिलन वेगळाच आहे" असं सांगायला लागलं, की एवढंच विचारायचं: तो व्हिलन तयार कशापासून होतो?

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.