हात नाई लावावा लागला

गेल्या दिवाळीत मामांनी गाडी विकली. गाव मोताळा तालुक्यातलं. गिऱ्हाईक शेजारच्या गावचं होतं: पंचविशीतला पोरगा, त्याची बायको, तिच्या कडेवर लेकरू आणि सोबत एक 'जाणकार' मित्र. जाणकाराने बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून बोटाला लावून पाहिलं, टायरला दोन लाथा मारल्या. मग त्या पोराने सरळ मामांनाच विचारलं, "काका, गाडी कशी हाय?"

मामा म्हणाले, "सात वर्षं झाली. हात नाई लावावा लागला."

मी ओट्यावर चहाचे कप घेऊन उभी होते. त्याच सकाळी गाडी रिकामी करताना डॅशबोर्डच्या कप्प्यात मला मामांची वही सापडली होती. विम्याचे कागद, पीयूसी आणि त्यांच्याखाली ही शाळेची शंभर पानी वही. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, खर्च. मधेच एक ओळ: 'राजूर घाटात गरम झाली. अर्धा तास थांबलो.' दोन पानांनंतर पुन्हा तीच ओळ. मग क्लच प्लेट, रेडिएटर, एसीचा गॅस, पुन्हा एसीचा गॅस. म्हणजे हात लागला होता, चांगला कोपरापर्यंत लागला होता.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. हा लेख त्या गप्प राहण्याबद्दल आहे.

गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगणार नाही. नाव घेतलं की तुम्ही लगेच तिच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहाल, आणि मला बोलायचंय ते गाड्यांच्या वर्णनाबद्दल. 'मालकाचा अनुभव' हा आता एक साहित्यप्रकारच झालाय. आधी तो ओट्यावर आणि पानटपरीवर सांगितला जायचा, आता मोबाइलवर वीस-वीस मिनिटांच्या व्हिडिओत सांगितला जातो. कोरियन गाड्यांबद्दलचे असे अनुभव मी गेल्या वर्षभरात भरपूर पाहिले. मावसभावाला गाडी घ्यायची होती आणि घरात 'नेटवरचं बघणारी' मीच.

या प्रकाराची रचना ठरलेली आहे. सुरुवात शोरूममध्ये: गाडीवरचं कापड ओढलं जातं, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं, आई-वडिलांच्या हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली दिली जाते. मग फीचर: स्क्रीन किती इंचाची, सनरूफ कसं उघडतं, सीटमधून गार हवा कशी येते. मग 'किती देते?' आणि त्याचं थोडं फुगवलेलं उत्तर. थोडी नाराजी हवी म्हणून एखादी बिनविषारी तक्रार, म्हणजे हॉर्नचा आवाज बारीक आहे वगैरे. आणि शेवट: एवढ्या पैशात एवढं कोण देतं? पैसा वसूल!

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला हा शेवट ओळखीचा वाटतो. शेगाव आमचंच, 'गजानन विजय' घरोघरी आहे, एकवीस अध्यायांची. पोथीच्या शेवटी फलश्रुती येते. वाचणाऱ्याला काय मिळेल, ते त्यात सांगितलेलं असतं. पोथीत ती शोभते, कारण तिथे ऐकणारा श्रद्धेनेच बसलेला असतो. गाडीच्या अनुभवात फलश्रुती आली की मात्र घोळ होतो. तिथे ऐकणारा कर्ज काढणार असतो.

आता ज्या कंपन्यांभोवती हे एवढं साहित्य जमलंय, त्यांच्याकडे बघू. ह्युंदाईची सँट्रो सप्टेंबर १९९८मध्ये भारतात आली, तेव्हा कोरियन गाडी म्हटल्यावर लोक भुवया उंचावत. उंच, डबा ठेवल्यासारखा आकार, आणि वर हे नाव नीट उच्चारताही येत नव्हतं. त्या वेळची शाहरुख खानची जाहिरात मला आजही हुशार वाटते. तीत शाहरुख आल्या आल्या गाडीची स्तुती करत नाही. कंपनीचा किम नावाचा माणूस त्याच्याकडे येतो आणि शाहरुख उलट त्यालाच प्रश्न विचारतो. तुमची कंपनी कोण, मी तुमची जाहिरात का करू? म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली शंका कंपनीने स्वतःच पडद्यावर आणली. सँट्रो खपली ती केवळ शाहरुखमुळे नाही. तिच्या इंजिनात इंधन थेट मोजून सोडणारी एमपीएफआय यंत्रणा होती, बसायला-उठायला उंची सोयीची होती आणि एसी जोरात चालायचा. पण आधी शंकेला जागा दिली, हे महत्त्वाचं.

शंका खरीही होती. त्याच सुमाराला देवू ही दुसरी कोरियन कंपनी सिएलो आणि मटीझ विकत होती. १९९९मध्ये कोरियात देवू समूह कोसळला आणि पुढे भारतातलाही कारभार बंद पडला. मटीझवाल्यांवर एकेका पार्टसाठी वणवण करायची वेळ आली. मागे राहिलेली ह्युंदाई मात्र वर्षानुवर्षं देशातली दुसऱ्या क्रमांकाची कार कंपनी राहिली. २०१५मध्ये क्रेटा आली. ऑगस्ट २०१९मध्ये तिचंच भावंड असलेली किया सेल्टोस घेऊन उतरली, सुरुवातीची किंमत ९ लाख ६९ हजार. ऑक्टोबर २०२४मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने २७,८७० कोटींचे शेअर विक्रीला काढले, तोवरचा देशातला सर्वांत मोठा आयपीओ. जनरल मोटर्सने सोडलेला आपला तळेगावचा कारखानाही तिनेच घेतला.

ही चढती कमान स्तुतीवर उभी राहिलेली नाही. १९८६मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत एक्सेल नावाची गाडी ४,९९५ डॉलरला विकायला काढली. स्वस्त म्हणून पहिल्याच वर्षी ती दणक्यात खपली, आणि थोड्याच वर्षांत टीव्हीवरच्या विनोदांचा विषय झाली, इतक्या तक्रारी आल्या. गेलेली पत परत कशी आणली? १९९८मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी १० वर्षं किंवा १ लाख मैलांची लेखी हमी देऊन. शोरूममधल्या गोड बोलण्यापेक्षा तो कागद कामाला आला. तक्रारींनी कंपनीला तो लिहायला लावला.

जाहिरातीतल्या किमबरोबर मला आणखी एक किम आठवतो. किम ग्वांग-हो हे ह्युंदाईतलेच इंजिनीअर. इंजिनातल्या दोषांबद्दल कंपनी हवी तशी पावलं उचलत नाही, असं त्यांनी २०१६मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेला कळवलं. नोकरी गेली. पुढे कंपन्यांना मोठा दंड झाला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये त्या यंत्रणेने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त बक्षीस दिलं. एका किमने पटवून दिलं, दुसऱ्याने तक्रार केली. गाडी चालवणाऱ्याला जास्त उपयोगी कोण पडला, हे वेगळं सांगायला नको. आपल्या अनुभव-साहित्यात मात्र पहिल्या किमचीच गर्दी आहे.

असं का? याचं उत्तर मला बैलबाजारात सापडतं. ज्यांनी लहानपणी आजोबांसोबत बैलबाजार पाहिलाय, त्यांना माहीत असेल. तिथे विकणारा बैलाची स्तुती करतो, आणि ती कोणी मनावर घेत नाही. घेणारा जबडा उघडून दात मोजतो, बैल चालवून बघतो, खांदा दाबतो. भाव रुमालाखाली बोटांवर ठरतो. विकणाऱ्याने खरं बोलावं अशी अपेक्षाच नसते, म्हणून सगळी रीत तपासणीची. गाडीच्या बाबतीत ही रीत आपण सोडून दिली. ज्याने नुकतेच बारा लाख घातलेत, ज्याच्या डोक्यावर सात वर्षांचा हप्ता आहे, ज्याच्या चुलतभावाने आधीच 'दुसरी घ्यायची होती' म्हणून टोमणा मारलाय, त्याला आपण विचारतो, कशी आहे? तो काय सांगणार? मालक हा साक्षीदार नसतो, तो स्वतःच्या निर्णयाचा वकील असतो. आणि उद्या गाडी विकायची असतेच. आजची तक्रार उद्याचा भाव पाडते.

बैलावरून आठवलं, ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग शेतकऱ्याचे पोर. वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे घेऊन ते तरुणपणी घरातून पळाले होते. सँट्रो भारतात आली त्याच १९९८ साली, म्हातारपणी, ते दोन खेपांत मिळून १,००१ गायी-गुरं घेऊन उत्तर कोरियातल्या आपल्या मुलखात गेले. घेतलेल्या एका गाईची परतफेड, असं लोक म्हणतात. सोयाबीन विकून गाडीचा हप्ता भरणाऱ्या आमच्या गावाला ही गोष्ट एका ऐकण्यात कळेल.

मालकाच्या वकिलीत काय गाळलं जातं, ते बघा. ग्लोबल एनकॅपने २०१४मध्ये भारतातल्या गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा ह्युंदाईच्या आय-टेनला मोठ्यांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. मारुतीची अल्टो आणि टाटाची नॅनोही त्याच रांगेत होत्या. २०२०मध्ये सेल्टोसला तीन, २०२२मध्ये क्रेटाला तीन. दरम्यान टाटाच्या नेक्सॉनने २०१८मध्येच पाच तारे मिळवले होते. ऑक्टोबर २०२३मध्ये ह्युंदाईच्या व्हर्नाला पाच तारे मिळाले आणि त्याच महिन्यात सगळ्या मॉडेलांत सहा एअरबॅग देण्याची घोषणा झाली. हा बदल कायदा, चाचण्या आणि स्पर्धा यांच्या रेट्यामुळे आला. 'पैसा वसूल' म्हणणाऱ्यांनी तो मागितला नव्हता. ते तोवर सनरूफ उघडून दाखवत होते. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो त्या आमच्या जिल्ह्यात सनरूफ!

समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो. त्यावरच्या व्हिडिओत एक वाक्य हमखास असतं: एकशेवीसवर आहोत, कळतसुद्धा नाही. हे स्तुती म्हणून म्हटलं जातं. मला त्याची भीती वाटते. वेग कळायला हवा. याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ला मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ माणसं गेली.

आणखी एक गाळलेली गोष्ट म्हणजे मागची सीट. अनुभव सांगणारा बहुतेक वेळा स्टेअरिंगवर बसलेला पुरुष असतो. माझी आई सात वर्षं मामांच्या गाडीत मागे मधोमध बसली. तिथे डोक्याला टेकू नाही, पट्टा सीटमध्ये कुठे तरी गडप झालेला, आणि राजूर घाटात हमखास मळमळ. तिला कोणी विचारलं नाही, गाडी कशी आहे. मी परवा विचारलं. ती म्हणाली, "मले तं पिशवी धरून बसल्याचंच आठवते."

हे सगळं मान्य करूनही वहीचं एक पान मला अडवतं. खर्चाच्या रकान्यांशेजारी मामांनी 'कोण' असा एक रकाना आखला होता. 'काकूची डिलिव्हरी, बुलढाणा, रात्री २. पैसे नाही घेतले.' 'शाळेचे पोरं, स्कॉलरशिप परीक्षा.' 'भाऊंचं डायलिसिस' ही नोंद तर ओळीने कितीतरी वेळा. मामा गाडीबद्दल खोटं बोलले, तरी गाडीने काय दिलं हे त्यांना नीट ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं. कुठल्याही व्हिडिओत मला हा रकाना दिसला नाही. गरम होणं, क्लच प्लेट आणि रात्री दोनची डिलिव्हरी एकाच पानावर असणं, याला मी अनुभव म्हणते. घाट झाकला की डिलिव्हरीचंही मोल कळत नाही, कारण तापणारी गाडी घेऊन माणूस रात्री तोच घाट चढला होता.

मग मी ते पान त्या पोराला का दाखवलं नाही? मामांचा भाव पडला असता म्हणून. मीही वकीलच निघाले.

व्यवहार झाला. नोटा दोनदा मोजून झाल्या. पेढा दिला. पोराने किल्ली कपाळाला लावली, बायको लेकराला घेऊन मागे बसली. मामा खिडकीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "घाट चढतानी एसी बंद ठेवजो. अन् पाण्याची कॅन डिक्कीत राहू दे, मी भरून ठेवली."

पोराने मामांकडे एक क्षण पाहिलं. मग मान हलवली आणि गाडी सुरू केली.

वर्षभर ऐकलेल्या सगळ्या अनुभवांत गिऱ्हाइकाच्या खरोखर कामाचं वाक्य मला हेच वाटलं. फक्त ते पैसे मोजून झाल्यावर आलं.

वही माझ्याकडे आहे. मावसभाऊ विचारतो, कोणती घेऊ? मी त्याला म्हटलं, आधी ही वाच, मग ज्याची गाडी पाहायला जाशील त्याला विचार, तुमच्याकडे अशी वही आहे का?