संशोधनातील सप्रमाणता आणि तिला बाधक ठरणारे घटक : अहिराणी भाषकांच्या जनगणनेतील आकडेवारीची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : सप्रमाणता, विश्वसनीयता, बाधक घटक, मातृभाषा, जनगणना, अहिराणी

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र व भाषाभ्यास या विषयांतील आपल्याकडील संशोधनात सप्रमाणतेला एक ठरलेली जागा मिळालेली आहे. 'प्रश्नावली तज्ज्ञांना दाखवून तिची सप्रमाणता निश्चित करण्यात आली' असे एक वाक्य संशोधन पद्धतीच्या प्रकरणात येते. त्यानंतर निष्कर्षांच्या प्रकरणापर्यंत तिचा उल्लेख पुन्हा होत नाही. वास्तविक सप्रमाणतेचा खरा प्रश्न निष्कर्ष काढतानाच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न खानदेशातील अभ्यासकांना परिचित असलेल्या एका उदाहरणाच्या आधारे तपासला आहे. ते उदाहरण म्हणजे जनगणनेतील खानदेशी, म्हणजे प्रामुख्याने अहिराणी, भाषकांची संख्या.

संकल्पनेचे स्वरूप :

जे मोजावयाचे तेच मोजले जाणे, अशी सप्रमाणतेची व्याख्या सर्वपरिचित आहे. काही ग्रंथांत यालाच वैधता किंवा यथार्थता म्हटले जाते. विश्वसनीयता ही याहून वेगळी बाब आहे. पासंग असलेला तराजू दहा वेळा तेच वजन दाखवील. त्याच्या मोजमापात सातत्य आहे, पण खरेपणा नाही. असे असूनही केवळ विश्वसनीयता गुणांक देऊन साधन 'प्रमाणित' झाल्याचे अनेक निबंधांत सांगितले जाते.

क्रॉनबॅक व मील यांनी 1955 मध्ये संरचना सप्रमाणतेची मांडणी केली. बुद्धिमत्ता, अभिवृत्ती यांसारख्या प्रत्यक्ष न दिसणाऱ्या संकल्पनांचे मोजमाप कशाच्या आधारे ग्राह्य मानावे, हा त्यांचा प्रश्न होता. कॅम्पबेल व स्टॅन्ले यांनी 1963 मध्ये अंतर्गत सप्रमाणतेला बाधक ठरणारे आठ घटक नोंदविले : समकालीन घटना, परिपक्वन, पूर्वचाचणीचा परिणाम, मापनसाधनातील बदल, सांख्यिकीय प्रतिगमन, निवडीतील भेद, प्रयुक्तांची गळती आणि निवड व परिपक्वन यांची आंतरक्रिया. निष्कर्ष अन्य व्यक्तींना व परिस्थितींना कितपत लागू होतात, हा बाह्य सप्रमाणतेचा प्रश्न त्यांनी स्वतंत्र ठेवला. ही यादी प्रायोगिक संशोधनासाठी तयार झाली हे खरे. परंतु दोन भिन्न काळांतील मोजणींची तुलना करून बदलाविषयी विधान करताना यांपैकी अनेक घटक तितकेच लागू पडतात.

आकडे आणि त्यांवरील निष्कर्ष :

जनगणनेनुसार खानदेशी भाषकांची संख्या 1991 मध्ये सुमारे 9 लाख 74 हजार होती. 2001 मध्ये ती सुमारे 20 लाख 75 हजार झाली आणि 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजारांवर आली. म्हणजे एका दशकात संख्या दुपटीहून अधिक वाढली आणि पुढच्या दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटली. यांपैकी शेवटचे दोन आकडे घेऊन 'अहिराणी लोप पावत आहे' असा निष्कर्ष काढणे अगदी सोपे आहे. पहिले दोन आकडे घेतल्यास तितक्याच सहजतेने 'अहिराणीचे पुनरुज्जीवन झाले' असेही सिद्ध करता येईल. एकाच साधनातून परस्परविरोधी निष्कर्ष निघत असतील, तर भाषेविषयी बोलण्यापूर्वी साधनाविषयी बोलणे क्रमप्राप्त ठरते.

दहा वर्षांत अकरा लाख नवे भाषक जन्म व स्थलांतर यांमुळे निर्माण होणे संभवत नाही. तेव्हा बदल भाषेच्या वापरात झाला की तिच्या नोंदीत, हा पहिला प्रश्न होय.

बाधक घटकांची चिकित्सा :

पहिला घटक संरचनेचा आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी आईने तिच्याशी बोललेली भाषा. या उत्तरातून व्यक्ती आज कोणती भाषा, कोठे व किती बोलते हे कळत नाही. शिवाय नोंद होते ती सांगितलेल्या नावाची. साक्री तालुक्यातील एखादा शेतकरी घरात आणि शेतात अहिराणी बोलत असला, तरी सरकारी कागदावर 'मराठी' सांगणे त्याला स्वाभाविक वाटू शकते. म्हणून हा आकडा भाषिक वापराचा निर्देशक मानण्यापूर्वी तो भाषिक ओळखीचा निर्देशक आहे, हे मान्य करावे लागते.

दुसरा घटक मापनसाधनाचा आहे. येथे छापील प्रश्नाबरोबरच प्रगणकाने केलेली नोंद आणि नंतरचे वर्गीकरण हेही साधनाचेच भाग आहेत. 2011 मध्ये मातृभाषेच्या 19,569 कच्च्या नोंदी आल्या आणि छाननीनंतर त्यांतून 1,369 मातृभाषा निश्चित करण्यात आल्या. अहिराणी, डांगी, गुजरी इत्यादींची बेरीज 'खानदेशी' या शीर्षाखाली होते. पिंपळनेरच्या पश्चिमेस आदिवासी कोकणी समाजाची वस्ती आहे. त्यांच्या बोलीचा समावेश जनगणना भिली गटात करते. मात्र गोमंतकातील कोकणीचे नाव लिहिताना अक्षरे तीच असतात. अशा ठिकाणी नोंद करणाऱ्याची व वर्गीकरण करणाऱ्याची दक्षता हाच सप्रमाणतेचा आधार राहतो.

तिसरा घटक समकालीन घटनांचा. साहित्य संमेलने, नियतकालिके आणि गीते यांमुळे बोलीविषयीचा अभिमान वाढला असल्यास तीच व्यक्ती पुढील जनगणनेत वेगळे उत्तर देऊ शकते. ही शक्यता सिद्ध झालेली नाही. परंतु तिचे निराकरण केल्याविना वाढीचे वा घटीचे कारण सांगता येत नाही.

चौथा प्रश्न बाह्य सप्रमाणतेचा. बहिणाबाई चौधरी यांची गाणी अहिराणीचा नमुना म्हणून अनेकदा घेतली जातात. वस्तुतः ती पूर्व खानदेशातील लेवा बोलीत आहेत. असोद्याच्या परिसरातील बोलीवरून साक्री किंवा शिरपूरच्या बोलीविषयी विधान करणे म्हणजे नमुना एका समष्टीचा व निष्कर्ष दुसरीचा, असे होय.

ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाचा धडा :

भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 मध्ये प्रकाशित झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीची चर्चा भिल्ली भाषांसमवेत आली आहे. बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे स्थानिक बोलीत भाषांतर मिळविणे, ही या सर्वेक्षणाची प्रसिद्ध पद्धत. भाषांतरित नमुन्यात मूळ संहितेची वाक्यरचना शिरण्याचा धोका उघड आहे. पण ग्रियर्सनने एवढ्यावर विसंबणे पसंत केले नाही. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांतील निवेदन आणि शब्द व वाक्ये यांची ठराविक यादी अशी आणखी दोन साधने त्याने जोडली. एका साधनातील दोष दुसऱ्याने उघड व्हावा, अशी ही योजना होती.

याउलट, प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या काळात प्रमाण मराठीतील एकच प्रश्नावली वापरली होती. 'घरी कोणती भाषा बोलता?' या प्रश्नाला जवळजवळ सर्व विद्यार्थ्यांनी 'मराठी' असे लिहून दिले. प्रश्नावल्या गोळा होताच तेच विद्यार्थी एकमेकांशी अहिराणीत बोलू लागले. तज्ज्ञांनी तपासलेली प्रश्नावली निर्दोष होती. वर्गात, शिक्षकासमोर, पुस्तकी भाषेत विचारलेल्या प्रश्नाला विद्यार्थ्यांनी वर्गाला शोभेल असे उत्तर दिले होते. त्यावरून घरातील भाषेविषयी काढलेला निष्कर्ष मात्र सदोष होता.

समारोप :

वरील चिकित्सेतून जनगणना निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये. एवढ्या व्याप्तीची दुसरी मोजणी उपलब्ध नाही. मात्र सप्रमाणता हा आकड्याला किंवा साधनाला कायमचा चिकटलेला गुण नसून विशिष्ट उपयोगासाठी काढलेल्या निष्कर्षाचा गुण आहे. म्हणून संशोधकाने निष्कर्षासोबतच त्याची पर्यायी स्पष्टीकरणे नोंदवावीत, प्रश्नावली प्रतिसादकाच्या बोलीतही तपासून घ्यावी आणि घोषित उत्तराला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड द्यावी. मार्गदर्शकांनी व परीक्षकांनीही सप्रमाणतेची विचारणा निष्कर्षांच्या प्रकरणात करावी.

पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिनांक अधिसूचित झालेला आहे. त्यानंतर अहिराणीचा नवा आकडा येईल आणि त्यावर शोधनिबंधही लिहिले जातील. तो वाढलेला असो वा घटलेला, त्याचे कारण सांगण्यापूर्वी तो कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत विचारून मिळविला आणि कोणत्या शीर्षाखाली मोजला, हे तपासण्याची जबाबदारी खानदेशातील अभ्यासकांवर इतरांपेक्षा अधिक आहे. कारण ही बोली त्यांना दररोज ऐकू येते.