मेणवलीचा वाडा व ॲबट्सफर्ड

स्कॉटलंडांत ट्वीड नदीच्या कांठीं सर वॉल्टर स्कॉट यानें बांधलेलें ॲबट्सफर्ड हें घर इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस निदान पुस्तकांतून तरी परिचित असतें. कृष्णाकांठचा, वाईपासून कोसभरावरील नाना फडणविसांचा मेणवलीचा वाडा मात्र आमच्याच विद्यार्थ्यांस ठाऊक होतो तो २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटामुळें, आणि तोहि बहुधा घाटापुरताच!

स्कॉटनें १८११ सालीं एक साधें शेत विकत घेतलें व १८२४ पर्यंत त्यावर बुरुजांनीं नटलेलें घर उठविलें. दर्शनी देवडी लिनलिथगोच्या राजवाड्यावरून घेतलेली. एडिंबरोच्या पाडलेल्या तुरुंगाचें दार भिंतींत बसविलेलें. शत्रूची धास्ती उरली नसतां घरावर किल्ल्याचा वेष चढविण्याचा हा सोस आम्हांस रसिकतेपेक्षां हौसेचाच वाटतो. १८२६ सालीं कर्जाचा डोंगर कोसळला, आणि पुढें मरेपर्यंत स्कॉट लेखणीनें तें फेडीत राहिला.

मेणवलीस वेष नाहीं. १७६८ सालीं औंधकर प्रतिनिधींकडून हें गांव नानांस मिळालें, आणि येथें सहा चौकांचा वाडा उभा राहिला. बाहेरून पाहणारास भिंतीपलीकडे कांहीं दिसत नाहीं, आणि हा दोष आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आंत शिरतांच उजेड, वारा, पाऊस सारें चौकांतून घरांत येतें. बाहेरचे चौक कारभाराचे, आंतले कुटुंबाचे, ही वांटणी भिंत न बोलतां सांगते. याच घरच्या दप्तरानें पारसनिसांसारख्या संशोधकांस पेशवाईची साधनें पुरविलीं. घाटावर मेणेश्वरापाशीं वसईच्या १७३९ च्या विजयांत मिळालेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. स्कॉटच्या दाराप्रमाणें ही देखील लुटीची वस्तु खरी, पण ती देवाच्या सेवेस लागली.

तरीहि एका गोष्टींत स्कॉटचे देशबांधव आमच्यापेक्षां शहाणे ठरले. तो वारला १८३२ सालीं, आणि १८३३ सालीं घर लोकांस पाहावयास खुलें झालें. मेणवली निदान उभी तरी आहे. आमच्या बेलापुराकडे, प्रवरेच्या कांठच्या गांवांतून, वाटण्या झाल्या कीं वाडा उतरवितात. नक्षीचे सागवानी खांब व्यापाऱ्याकडे जातात, आणि मागें राहतात ते तळखडे. त्या वाड्यांचा वृत्तान्त कोणत्याहि चरित्रांत नाहीं. तळखडे जागेवर आहेत तोंवर त्यांवरून चौक मोजतां येतो. आमच्या महाविद्यालयांनीं हीं मापें घेऊन नकाशे काढावयास आतांच लागावें.