घाट आणि किनारा : प्रादेशिक विनोदातील तिसरा पक्ष

सह्याद्रीच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांनी एकमेकांची थट्टा करावी, ही मराठी लोकव्यवहारातील जुनी रीत आहे. कोकणी माणूस काटकसरी, तिरकस आणि फणसासारखा; घाटावरचा माणूस रांगडा, ऐसपैस आणि अघळपघळ, हे साचे विनोदी साहित्याने लोकव्यवहारातून उचलले आणि अधिक ठळक करून त्यालाच परत दिले. ही थट्टा स्नेहाची मानली जाते. तथापि ती कोणाच्या भाषेत सांगितली जाते, या प्रश्नावाचून तिचे स्वरूप उलगडत नाही.

‘कोकणस्थ-देशस्थ’ ही जोडी प्रदेशवाचक भासली, तरी रूढ अर्थाने ती ब्राह्मणांतील दोन पोटजातींची आहे. तेथे दोन्ही पक्ष तुल्यबळ असल्याने थट्टेची परतफेड होऊ शकते. मुंबईतील ‘घाटी’ हा शब्द मात्र घाटावरून पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्याला चिकटला. तेथे परतफेडीची शक्यता क्षीण होते. दोन्हींना ‘प्रादेशिक चुरस’ म्हटले, की हा विषम भाग झाकला जातो.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्रात रत्नागिरीचा अंतू शहरी पाहुण्यावर शब्दाने कुरघोडी करतो, हे त्या चित्राचे सामर्थ्य होय. परंतु निवेदन प्रमाण मराठीचे आहे. बोली अवतरणचिन्हांत राहते आणि तिचे मोल ठरवणारा निवेदक त्याबाहेर उभा असतो. कोकण आणि देश यांच्यातील हा तिसरा, अदृश्य पक्ष म्हणजे मुंबई-पुण्याचा प्रमाणभाषक वाचक. मराठवाडा तर या खेळात फारसा नव्हताच. 1948 पर्यंत निजामी राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला हा प्रदेश मुंबई-पुण्याच्या साहित्यव्यवहारापासून दूर राहिला. पु. लं.च्याच सुप्रसिद्ध विनोदी लेखात मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर असे तीनच पर्याय आहेत, ही गोष्ट बोलकी आहे.

या पार्श्वभूमीवर दोन नाटके एकत्र पाहणे उद्‍बोधक ठरते. 1979 मध्ये औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग उभा केला; 1980 मध्ये गंगाराम गवाणकरांचे मालवणी ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवले. दोन्हींत मध्यस्थ निवेदकाची सत्ता ओसरते. ‘वस्त्रहरण’मध्ये पौराणिक नाटकाच्या भारदस्त मराठीत मालवणी घुसते आणि हसे गावकऱ्यांइतकेच त्या भारदस्तपणाचेही होते. ‘वऱ्हाड’मध्ये एकच नट अनेक माणसांच्या लकबी क्षणात धारण करतो, क्षणात टाकतो. साचा हा स्वभाव नसून अंगावर चढवलेली लकब आहे, हे प्रयोगाचे तंत्रच सिद्ध करते.

असे असले तरी या यशाची दुसरी बाजू दुर्लक्षिता येत नाही. लोकप्रियतेने नवे साचे घडवले. मालवणी म्हणजे शिव्या आणि हशा, मराठवाडी म्हणजे भाबडेपणा, असे समीकरण प्रेक्षकांत रुजले. बोलीला रंगमंच मिळाला, पण प्रवेश बहुधा हसवण्याच्या अटीवर. ही मर्यादा बोलीची नव्हे. 1971 मध्येच रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ने मराठवाडी बोलीला सबंध निवेदनाची भाषा केले होते आणि एका शिंप्याच्या संसाराची पडझड तिच्यातून पेलून दाखवली होती. तरीही या बोलीची सार्वत्रिक ओळख ‘पाचोळा’पेक्षा ‘वऱ्हाड’ने ठरावी, यातून ऐकणाऱ्यांची अपेक्षाच प्रकट होते.

सारांश, किनारा आणि घाट यांची थट्टा स्नेहाची ठरते ती केवळ दोघेही हसतात म्हणून नव्हे. दोघांनाही आपल्या बोलीत हसवण्याइतकाच रडवण्याचा आणि विचार मांडण्याचा अधिकार असेल, तेव्हाच ती बरोबरीची होते. प्रादेशिक विनोदाच्या समीक्षेने म्हणूनच विनोदाच्या विषयाइतकेच निवेदकाच्या स्थानाकडेही लक्ष दिले पाहिजे.