वापरकर्त्याच्या एचटीएमएलचे शुद्धीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संकेतस्थळावर वापरकर्त्याचा मजकूर ठळक अक्षरे, दुवे व चित्रे यांसह दाखवायचा, तर त्याचे एचटीएमएल स्वीकारावे लागते. त्यात दडवलेली जावास्क्रिप्ट पाहणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्याच अधिकाराने चालते. म्हणून असा मजकूर आधी शुद्ध केला जातो. शुद्धीकरण म्हणजे घातक शब्द गाळणे, हा रूढ समज मात्र अपुरा आहे.

विवेचन :
ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कामकर याने मायस्पेस या संकेतस्थळावर हे सिद्ध केले. तेथील गाळणी स्क्रिप्ट टॅग आणि ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द काढून टाकत असे. कामकरने आपली आज्ञा सीएसएसमध्ये ठेवली व त्या शब्दाच्या मध्ये नवी ओळ घातली. गाळणीला शब्द दिसला नाही. काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला. ज्याने बाधित पान पाहिले, त्याच्या खात्यातून कामकरला मैत्रीची विनंती जाई आणि त्याचेही पान बाधित होई. सुमारे २० तासांत विनंत्यांची संख्या १० लाखांवर गेली.

यावरचा सर्वमान्य उपाय असा : निषिद्धांची यादी सोडून अनुमत टॅग व गुणधर्मांची यादी करावी, मजकुराची रचना उलगडावी आणि अनुमत तेवढेच राखून तो पुन्हा लिहावा. निषिद्धांची यादी कधीच पूर्ण होत नाही. त्यामुळे हा उपाय निश्चितच श्रेयस्कर ठरतो. तथापि, २०१९ मध्ये गुगलच्या शोधपृष्ठावर उघडकीस आलेल्या दोषाने त्याचीही मर्यादा दाखवली. ‘नोस्क्रिप्ट’ टॅगमधील मजकूर जावास्क्रिप्ट बंद असताना टॅग म्हणून, तर सुरू असताना निव्वळ अक्षरे म्हणून वाचला जातो. शुद्धीकरण पहिल्या स्थितीत झाले, प्रदर्शन दुसऱ्या स्थितीत. पहिल्या वाचनात अवतरणचिन्हांत बंदिस्त असलेली समाप्तीची खूण दुसऱ्या वाचनात खरी ठरली आणि तिच्यापुढील अक्षरे जिवंत टॅग बनली.

निष्कर्ष :
दोन्ही प्रसंगी गाळणीचे वाचन व ब्राउझरचे वाचन भिन्न ठरले. मजकूर स्वतः सुरक्षित वा घातक नसतो. तो कोण, कोणत्या स्थितीत वाचतो यावर ते ठरते. म्हणून साध्या मजकुराने भागत असेल तेथे एचटीएमएल स्वीकारूच नये. स्वीकारल्यास डॉमप्युरिफायसारखी, सातत्याने अद्ययावत होणारी आज्ञावली वापरावी. शुद्ध केलेल्या मजकुरात नंतर फेरफार करू नये. संगणकशास्त्राच्या अध्यापनातही शब्द गाळण्याच्या युक्त्यांपेक्षा ब्राउझर मजकूर कसा वाचतो, यावर भर देणे अगत्याचे आहे.