वास्तूचे नीतिमूल्य : लॉरी बेकर यांच्या निमित्ताने एक निकषविचार

कला आणि नीती यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. फडके-खांडेकर यांच्या नावांशी निगडित झालेला कलावाद-जीवनवादाचा वाद घ्या, किंवा बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात केलेली सौंदर्यमूल्याची मीमांसा घ्या. या चर्चेचा आधार मुख्यत्वे साहित्यकृती हाच राहिलेला आहे. वास्तुकलेच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहतो. कादंबरी रुचली नाही तर वाचकाला ती मिटून ठेवता येते. इमारत मात्र मिटून ठेवता येत नाही. ती ज्यांनी मागितली नाही त्यांच्याही वाटेत उभी असते. तिच्यासाठी कोठेतरी डोंगर फोडलेला असतो, कोठेतरी भट्टी पेटलेली असते आणि तिची सावली, तिची उष्णता व तिचा राडारोडा ही सर्वांच्या वाट्याला येतात. म्हणूनच वास्तूचे मूल्यमापन केवळ रूपाच्या निकषावर पुरे होऊ शकत नाही, असे म्हणणे प्राप्त आहे. परंतु नीतीचा निकष लावावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी जी संदिग्धता आढळते ती दूर केल्याखेरीज या म्हणण्याला शास्त्रीय मूल्य येणार नाही.

या संदिग्धतेचे मूळ एकोणिसाव्या शतकात सापडते. जॉन रस्किनने ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ (१८४९) या ग्रंथात वास्तुकलेचे जे सात दीप कल्पिले, त्यांपैकी एक सत्याचा होता. लाकडाला संगमरवराचा रंग देणे, भार न पेलणाऱ्या अवयवाला भार पेलणाऱ्याचे रूप देणे, यंत्राने काढलेली नक्षी हाताची म्हणून मिरविणे, या गोष्टी त्याने असत्यभाषणाच्या कोटीत घातल्या. या भूमिकेवर सर्वांत मर्मभेदी आघात जेफ्री स्कॉट याने ‘द आर्किटेक्चर ऑफ ह्यूमॅनिझम’ (१९१४) या ग्रंथात केला. वास्तुसमीक्षेतील ज्या हेत्वाभासांची त्याने छाननी केली, त्यांत नैतिक हेत्वाभासाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दगड आणि विटा यांना चारित्र्य नसते. माणसाच्या गुणावगुणांची विशेषणे भिंतीला लावणे हा उपमेला सिद्धांत समजण्याचा प्रमाद आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा इत्यर्थ होय.

स्कॉटचा आक्षेप योग्यच आहे. पण तो रस्किनच्या एका दीपाला लागू पडतो, सर्वांना नाही. रस्किनच्याच ग्रंथात स्मृतीच्या दीपाचे विवेचन करताना एक सर्वस्वी वेगळा विचार आलेला आहे : ही भूमी चालू पिढीच्या मालकीची नसून पुढे येणाऱ्यांचाही तिच्यावर तितकाच हक्क आहे. या दोन विचारांत जो भेद आहे तो रस्किनच्या चाहत्यांनी व टीकाकारांनी पुरेसा स्पष्ट केलेला दिसत नाही. पहिल्या विचारात नीती वास्तूच्या पृष्ठभागाला चिकटलेली आहे. दुसऱ्यात ती बांधणाऱ्याच्या कृतीला आणि त्या कृतीच्या परिणामांना चिकटलेली आहे. भिंत खोटे बोलते असे म्हणणे ही लक्षणा आहे. भिंतीसाठी नदीकाठची सुपीक माती खरवडली गेली असे म्हणणे ही वस्तुस्थिती आहे. पर्यावरणीय उत्तरदायित्वाची चर्चा दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यामुळे स्कॉटचा आक्षेप तिला बाधत नाही.

ही उपपत्ती पारखून पाहण्यास लॉरी बेकर (१९१७–२००७) यांच्या कार्याइतके सोयीचे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल. बर्मिंगहॅम येथे वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेल्या बेकर यांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधील सेवाकार्यानंतर मुंबईत महात्मा गांधींशी भेट झाली. पुढे कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्याच्या निमित्ताने ते भारतात आले, हिमालयातील पिठोरागड परिसरात दीर्घकाळ राहिले आणि अखेरीस तिरुवनंतपुरम् येथे स्थायिक झाले. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचे असावे, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आपल्या व्यवसायाचे सूत्र मानला. त्या विचाराचे मूर्त रूप वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील बापू कुटीत आजही पाहावयास मिळते. मातीच्या भिंती, बांबू आणि कौले एवढ्यावर ती उभी आहे.

तिरुवनंतपुरमच्या उल्लूर भागातील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचा परिसर १९७० नंतरच्या दशकात बेकर यांनी उभारला. टेकडीचा उतार सपाट न करता इमारती उताराच्या वळणाने बसविल्या आहेत आणि झाडे वाचविण्यासाठी भिंतींनाच वळसे दिले आहेत. खिडक्यांच्या ऐवजी अनेक ठिकाणी विटांची जाळी आहे. तिच्यातून वारा येतो आणि ऊन मोडून येते. संगणककेंद्राला उष्णतेपासून अधिक संरक्षण हवे होते, तेथे दुहेरी भिंत घालून बाहेरची भिंत जाळीची केली. यंत्राने करावयाचे पुष्कळसे काम येथे भिंतीच्या रचनेवर सोपविलेले दिसते.

त्यांच्या दोन बांधकामपद्धती विशेष विचारार्ह आहेत. रॅट-ट्रॅप बाँड या पद्धतीत विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात. त्यामुळे नऊ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटांची सुमारे चतुर्थांश बचत होते आणि पोकळीतील हवेमुळे उष्णता आत येण्यास अडथळा होतो. दुसरी पद्धत भरीव तुकड्यांच्या स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो आणि तो लोखंडी सळया पेलतात. तेथील काँक्रीट मुख्यतः सळयांना धरून ठेवण्यापुरते उपयोगी असते. सळयांच्या मधल्या जागी मंगलोरी कौले बसविली की तेवढे सिमेंट वाचते. या बचतीचे महत्त्व केवळ द्रव्यापुरते नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजली जाते तेव्हा इंधनाच्या धुराखेरीज खुद्द चुनखडीतूनही कर्बद्विप्राणिद वायू बाहेर पडतो. जगातील मानवनिर्मित कर्बवायूचा सुमारे सात ते आठ टक्के भाग एकट्या सिमेंट-उद्योगाच्या वाट्याला जातो. इंधन बदलले तरी चुनखडीतून निघणारा वायू टळत नाही. म्हणून सिमेंट कमी वापरणारी रचना शोधणे हे केवळ काटकसरीचे काम न राहता कर्तव्याच्या कक्षेत येते.

येथवर बेकर यांची बाजू निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या समर्थनात आणखी एक युक्तिवाद नेहमी येतो आणि तो तपासून घेतला पाहिजे. वीट ही वीट म्हणूनच दिसावी, तिच्यावर गिलावा चढविणे म्हणजे तिचे रूप लपविणे होय, हा तो युक्तिवाद. ही रस्किनच्या सत्यदीपाचीच ज्योत आहे आणि स्कॉटने जे आक्षेप घेतले ते सर्व तिला लागू पडतात. गिलावा न करण्याचे सबळ कारण एवढेच की त्याने सिमेंट, वाळू, रंग आणि पुढील डागडुजी वाचते. जेथे पावसाच्या माऱ्याने उघडी वीट झिजेल तेथे चुन्याचा गिलावा करणे हीच जबाबदार कृती ठरेल. मग त्याला असत्य म्हणण्यात काय अर्थ? बेकर यांच्या लेखनात व वास्तूंत हे दोन युक्तिवाद एकजीव झालेले आहेत. त्यांच्या स्वतःच्या हाती त्यामुळे अपाय झाला नाही. भाजलेल्या विटेमागील इंधनाचा खर्च त्यांना ठाऊक होता. न भाजलेल्या मातीच्या बांधकामाचा त्यांनी स्वतंत्र पुस्तिकेतून पुरस्कार केला. अनुयायांच्या हाती मात्र अपाय झाला.

आज अनेक शहरांतून उघड्या विटेची भिंत ही अभिरुचीची खूण झालेली आहे. जिथे पायाखाली काळा पाषाण आहे अशा दख्खनच्या पठारावर लांबून विटा आणाव्यात, काँक्रीटचा सांगाडा उभारून त्याला त्या विटांचे आवरण द्यावे, आणि आत वातानुकूलनाची यंत्रे बसवून जाळीच्या मागे काच लावावी, असा प्रकार दुर्मिळ नाही. येथे बेकर यांचे रूप आले. त्यांचा हिशेब राहून गेला. नीती पृष्ठभागावर शोधण्याची सवय लागली की पृष्ठभागाची नक्कल करून नीतिमत्तेचे श्रेय पदरात पाडून घेता येते.

अंतर्सजावटीच्या क्षेत्रात हा भ्रम अधिकच फोफावतो. अडोल्फ लोस याने १९१० च्या सुमारास अलंकरणाला गुन्ह्याच्या पंक्तीत बसविले. अलंकार म्हणजे श्रमाचा आणि द्रव्याचा अपव्यय, ही त्याच्या प्रतिपादनाची एक बाजू आजही विचारार्ह आहे. पण त्याच लोसच्या प्राग येथील व्हिला म्यूलरच्या (१९३०) दिवाणखान्यात हिरवट सिपोलिनो संगमरवराचे तक्ते आहेत. नक्षी गेली, महागडे द्रव्य राहिले. साधे दिसणे आणि कमी घेणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. आजच्या निरलंकृत दालनांतही हेच आढळते. भाडेकरू बदलला की सुस्थितीतील फरशी, प्लायवुडची कपाटे व प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत उखडले जाते आणि त्याच मापाचे नवे बसते. लाकडाच्या भुश्यापासून केलेल्या फळ्यांत व प्लायवुडमध्ये अनेकदा वापरल्या जाणाऱ्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू झिरपत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले. खोलीचे सौंदर्य डोळ्यांना दिसते. तिची हवा दिसत नाही. तिची जोखीम तेथे राहणाऱ्याच्या, आणि त्याआधी ते तक्ते कापणाऱ्या सुताराच्या, वाट्याला येते.

मग स्थानिक द्रव्य आणि अल्प व्यय एवढ्याने नीतीचा निकष पुरा होतो काय? दोन उदाहरणे याला नकार देतात. हसन फाती या इजिप्शियन वास्तुकाराने लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव १९४५ नंतरच्या काही वर्षांत बांधावयास घेतले. कच्च्या विटा, नुबियातील गवंड्यांचे साच्याविना घुमट उभारण्याचे पिढीजात कौशल्य, उष्ण हवेला अनुरूप अंगणे; पर्यावरणाच्या दृष्टीने त्यात उणे काढावे असे थोडेच होते. परंतु ज्यांच्यासाठी ते बांधले त्या गुर्नावासीयांना प्राचीन थडग्यांच्या परिसरातून हलविण्याचा निर्णय सरकारी पुराणवस्तू खात्याचा होता, त्यांचा स्वतःचा नव्हता. त्यांचा चरितार्थही त्या थडग्यांशीच बांधलेला होता. बहुसंख्य लोक नव्या गावी राहावयास गेले नाहीत आणि योजना अपुरी राहिली. फातीने नंतर इंग्रजीत ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ (१९७३) या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कहाणी सांगितली आहे. वास्तू भूमीशी प्रामाणिक असूनही तीत राहणाऱ्याची संमती नसेल तर ती अर्धीच नैतिक ठरते.

दुसरे उदाहरण घरचे आणि अधिक दारुण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील हजारो माणसे ज्या घरांखाली गाडली गेली ती घरे पाच मैलांच्या परिघातील दगड-मातीचीच होती. जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड अनेक ठिकाणी नव्हते आणि माळवदावर मातीचा प्रचंड भार होता. यावरून दगड-माती त्याज्य ठरत नाही. भिंतीत आरपार दगड घालणे, वरून सलग पट्टा बांधणे, माळवदावरील माती कमी करणे हे उपाय तज्ज्ञांनी पुढे सांगितले आणि ते त्याच द्रव्याला लागू होणारे होते. तात्पर्य एवढेच की परिघ हा स्वतः गुण नाही. स्थानिक द्रव्याला ज्ञानाची जोड नसेल तर त्याचे मोल माणसे प्राणांनी देतात. आणि भूमीची काळजी वाहताना त्या भूमीवर निजणाऱ्याचा विसर पडला तर ती काळजी अपुरी होय.

एकंदर विवेचनावरून वास्तूच्या नैतिक मूल्यमापनाचे तीन निकष हाती येतात. पहिला भूमीचा : द्रव्य कोठून आले, किती आले, आणि उपयोग संपल्यावर ते कोठे जाईल? दुसरा श्रमाचा : ते ज्यांनी खणले, भाजले, कापले आणि रचले त्यांच्या देहावर व कौशल्यावर त्याचा परिणाम काय? तिसरा वासाचा : तेथे राहणाऱ्याची संमती घेतली होती काय, आणि त्याचा श्वास व जीव तेथे सुरक्षित आहे काय? बेकर यांची सर्वोत्तम कामे बऱ्याच अंशी या तिन्हींवर उतरतात, कारण नकाशा कार्यालयात संपवून देण्यापेक्षा ते जागेवर गवंड्यांसह उभे राहून काम करीत. कडेवर लावलेली वीट ही द्रव्याची बचत आहे तशीच ती गवंड्याच्या कौशल्याला दिलेली मजुरीही आहे. द्रव्यावरचा खर्च कमी झाला की त्याचा काही भाग माणसाच्या हाताकडे वळतो, हे त्यांच्या पद्धतीचे मर्म त्यांच्या वास्तूंच्या छायाचित्रांत दिसत नाही.

या तिन्ही निकषांपैकी एकही केवळ दृष्टीने तपासता येत नाही, ही गोष्ट वास्तुशिक्षणाच्या दृष्टीने गंभीर आहे. विद्यार्थ्याचे काम रेखाटनावरून, प्रतिकृतीवरून आणि छायाचित्रावरून जोखण्याची प्रथा आहे. म्हणजे मूल्यमापनाची साधनेच पृष्ठभागाची आहेत. आराखड्याबरोबर द्रव्याचे परिमाण, त्याचे उगमस्थान आणि त्यावर खर्च होणारे श्रम यांचा तक्ता जोडणे बंधनकारक केले तर सौंदर्याचा निकष तसूभरही कमी होणार नाही. उलट बेकर यांच्या जाळीसारखी रूपे कोणत्या विचारातून निपजली हे विद्यार्थ्याला उमगेल. सौंदर्यनिर्णय स्वायत्त आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की वास्तुकाराची स्वायत्तता त्याच्या कागदाच्या कडेपाशी संपते. त्या कडेपलीकडे दुसऱ्याचे शेत असते, दुसऱ्याचे छप्पर असते. आणि त्यांच्यापुढे उत्तर द्यावे लागते ते वास्तूला नव्हे, वास्तुकाराला.